किल्ल्यावर चढलेलं मीठ

माझे सासरे फौजेतले निवृत्त सुभेदार. दौलताबादजवळची शेती धाकट्या मुलावर सोपवून ते आणि सासूबाई आमच्या फ्लॅटवर राहायला आले, आणि आल्या आल्या डोळ्यांच्या डॉक्टरशी त्यांचं बिनसलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, असं डॉक्टर बजावत होते. मामांचं एकच पालुपद, "मला समदं दिसतंय." (आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात.) समदं दिसणारे मामा एकदा शेजारच्या फ्लॅटमध्ये शिरले, सोफ्यावर बसले आणि चहा मागून मोकळे झाले.

मी चितेगावला कंपनीत नोकरी करते आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर युद्ध खेळते. पुठ्ठ्याचे डोंगर, नखाएवढे रंगवलेले सैनिक. सुनेचा हा उद्योग बघून मामा काय म्हणतील, याची मला धास्ती होती. मामा टेबलावर वाकले आणि म्हणाले, "अगं, हे तर सँड मॉडेल!" फौजेत त्यांना असंच शिकवायचे. वाळूचे डोंगर, लोकरीची नदी, रंगवलेल्या भुश्शाचं जंगल. साहेब छडी रोखून विचारायचे, दुश्मन इकडून आला, आता काय करशील?

मग मलाही चेव आला. दोनशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या फौजेतले अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून, पंच बसवून असंच शिकायचे, आणि पुढं ज्यांच्याकडं फौज नव्हती तेही घरोघरी हा खेळ खेळू लागले, हे सगळं मी त्यांना ऐकवलं. मामांना फासे सोडून सगळं पटलं.

"लढाईत फासे? हा काय सारीपाट हाय?"

"मामा, ऐन वेळी तोफ उडाली नाही, घोडं बिचकलं, तर ते कोण ठरवणार?"

थोडा विचार करून त्यांनी फाशांना परवानगी दिली, पण हात लावणार नाही म्हणाले. "टाक तूच अन् वाच बी तूच." अंपायर म्हणून आत्यांना बसवलं. त्यांना नियम येत नव्हते, पण अंपायरचा शब्द शेवटचा असतो आणि आमच्या घरात तो आधीपासून तसाच होता.

एका रविवारी मी देवगिरीचा वेढा मांडला. शाळेच्या सहलीला किल्ल्यावर गेलेल्या आमच्याकडच्या प्रत्येकाला ती गोष्ट ठाऊक असते: घाईघाईत धान्य म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ. त्यावरून मी एक नियम केला. आत्यांच्या डब्यातली बटणं टेबलावर पसरायची. पिवळसर बटण म्हणजे धान्य, पांढरं म्हणजे मीठ. आत्या दहापर्यंत मोजतील तोवर मामांनी सहा पोती डबीत भरायची. आणि पैज लावली. किल्ला पडला तर मामांनी ऑपरेशनला जायचं, टिकला तर मी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"दे हात," मामा म्हणाले. आत्यांनी दहा म्हणायच्या आत त्यांनी डबी भरून झाकण लावलं.

दुपारपर्यंत माझं अर्धं सैन्य खंदकात पडलं होतं. वेढा फोडायला मामांनी दोनदा तुकडी खाली सोडली. मी फासा वाचला, दोन्हीदा एक. तुकडी माघारी. मी म्हटलं, आता मी नुसती बाहेर बसून राहणार.

"बस की. माझ्याकडं सालभराचं धान्य हाय."

आत्यांनी डबी उघडली. सहाच्या सहा पांढरी.

"मीठ! मीठ!" म्हणून मी खुर्चीवरून उडालेच. मग मामांकडं लक्ष गेलं. एक बटण घेऊन ते खिडकीशी गेले होते. आधी एका डोळ्यापाशी धरलं, मग दुसऱ्या.

"हे पिवळं नाय?"

"पांढरं हाय," आत्या हळूच म्हणाल्या.

माझा सगळा आनंद उतरला. मला फार वाईट वाटलं. "मामा, घाईत झालं, परत खेळू," मी म्हणाले.

"अंपायर काय म्हणतोय?"

आत्यांनी डबीचं झाकण लावलं. "किल्ला पडला. मंगळवारी दवाखान्यात जायचं."

मामा खरंच गेले. एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. काळा चष्मा उतरल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी स्वतःहून वेढा मांडायला लावला. आत्यांनी चार म्हणायच्या आत सहा पिवळी बटणं डबीत पडली. मग त्यांनी फासा उचलला, स्वतः टाकला आणि स्वतःच वाचला. सहा. पुन्हा टाकला. पाच. माझी फौज पळाली.

मामांनी नव्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सूनबाई, तू वाचायचीस तवा मला कधीच सहा कसा पडला नाय गं?"

मला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. गॅसवर दूध नव्हतं, तरी मी उठले.

"तिला काय विचारता?" आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मी शेजारीच बसले होते. मला दिसत होतं की समदं."

"मग बोलली का नाय? अंपायर ना तू?"

"बोलले असते तर तुम्ही जिंकला असता. मग दवाखान्यात कोण गेलं असतं?"