दहाला उमलणारी फुलं
बाजारात घोळीच्या भाजीची जुडी दिसली, की माधवनगरचं आमचं अंगण आठवतं. आई सांगलीला दवाखान्यात होती आणि तिनं लावलेलं ऑफिसटाइमचं फुलझाड मला सांभाळायचं होतं. घोळीसारखीच जाड पानं जमिनीवर पसरलेली. गुलाबी फुलं मात्र सकाळचे दहा वाजल्याशिवाय उमलायची नाहीत. त्या दिवशी सातलाच शेजारच्या काकू येऊन सगळं मुळासकट उपटू लागल्या. "घोळ लय माजलीया गं! डाळ घालून करते, आईला डबा न्हेऊ." मी पायरीवर उभी होते, ती आईचा डबा आणायला आत वळले. दुपारी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग तिनं विचारलं, "माझी फुलं उमलतायत ना गं?" रिकामा डबा झाकत मी 'हो' म्हटलं. अजूनही ती जुडी मी उचलते आणि परत ठेवते.