गारगोटीची हत्यारं

"हत्यारं कुठं लपवलीस, ते सांग आधी," थोरला भाऊ अंगणातून ओरडत होता. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यात फोन. त्याचा आवाज असा की त्यानं आमच्या म्हशीला हाक मारली की पलीकडच्या गावची म्हैस पान्हा सोडते. "पोलीस ठाण्यातनं फोन आलता. पोतंभर हत्यारं हायत म्हणं आपल्यात."

"हायत की," मी म्हणालो. "गारगोटीची."

"गारगोटीची असूद्यात न्हायतर दिल्लीची. मला त्यात घालू नगंस."

आता इथं सांगायला हवं की आमच्याकडं गारगोट्या दोन. एक तालुक्याचं गाव, मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. दुसरी म्हणजे आपटली की ठिणगी पडते तो दगड. घोळ झाला तो या दोघींच्या मध्ये.

गोठ्यामागच्या ओढ्याच्या दरडीत माझा पाय कापला होता. बादलीभर रक्त गेलं. वहिनी म्हणते चिमूटभर हळद पुरली, पण ती तिथं नव्हती. कशानं कापलं म्हणून उकरलं, तर गारगोटीचं पातं. बोटाएवढं, दोन्ही कडांनी बारीक टवके काढून धार केलेलं, आणि एका बाजूला अंगठा टेकायला खोलगट जागा. माझा अंगठा तिथं बरोबर बसायचा. लोखंड ठाऊक नसलेल्या कुणीतरी ते घडवलं होतं आणि हजारो वर्षांनी त्यानं पहिलं रक्त काढलं ते माझं. आणखी उकरल्यावर आणखी निघाली. सगळी खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवली.

मी या भागातला नावाजलेला थापाड्या. बिबट्याला मोटरसायकलवर मागं बसवून आणल्याची माझी गोष्ट इचलकरंजीपर्यंत गेली आणि परत येताना बिबटे दोन झाले. अशा माणसाच्या हाती पहिल्यांदाच खरी गोष्ट लागली होती. ती खरी आहे असं एका तरी जाणत्या माणसानं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

कोल्हापुरात जुन्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचा नंबर मिळवला, फोटो पाठवला. फोटोत मी छान आलो होतो. पातं अंगठ्याखाली होतं, एक कड तेवढी दिसत होती.

"कड माणसानं काढलेली असू शकेल," बाई फोनवर म्हणाल्या. "पण जागा बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. दरडीला कुणी हात लावू नका. शनिवारी येते. तोवर बोलू नका कुठं."

बोलू नका, हे मला सांगणं म्हणजे म्हशीला डबक्याकडं बघू नकोस म्हणण्यासारखं. त्याच दुपारी मी तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं : आमच्या रानात गारगोटीची हत्यारं सापडली, पोतंभर. खरे दगड अकरा. पण अकरा म्हटलं की कुणाच्या भुवया हलतात?

भुवया हलल्या त्या ठाण्यातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरल्याला फोन आला. मी मोटरसायकल काढली आणि तिथं जाऊन साहेबांना दगडाचं सांगितलं. साहेब हसले. काम दोन वाक्यांचं, पण ऐकायला सगळं ठाणं जमलेलं. पात्यावरून मी बिबट्यावर आलो, चहा तीनदा आला आणि परतेपर्यंत दुपार कलली.

नव्या गोठ्याच्या कामाला त्या दिवशी जेसीबी आलेला होता. थोरल्यानं दरड कापायला लावली होती. तोच मुरूम जोत्यात भरला, वर माझं पोतं रिकामं केलं, त्यावर काँक्रीट ओतलं. मी पोचलो तेव्हा तो थापीनं कोपरा साफ करत होता.

"मिटलं," तो म्हणाला. "आता धाड येऊंदे, काय गावायचं न्हाय."

"दादा, धाड न्हाईच. साहेब हसलं."

तो ओल्या काँक्रीटकडं बघत राहिला. "मग तितनं फोन करायचास की," असं म्हणून उरलेला कोपरा त्यानं नीट केला.

शनिवारी बाई एसटीनं आल्या. डोक्याला टोपी, खांद्याला झोळी, झोळीत ब्रश आणि कापडी पिशव्या. दरड होती तिथं भिंतीसारखा सरळ काप. त्याच्या पायथ्याची माती त्यांनी दोन तास बोटांनी चाळली. सगळ्या पिशव्या घडी केलेल्याच राहिल्या.

"काँक्रीट फोडतो," मी म्हणालो.

"आणि म्हशी काय तुझ्या खोलीत बांधू?" थोरला म्हणाला.

"फोडून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "दगड जागेवरून हललाय, खडीत मिसळलाय. टवका माणसानं काढला की क्रशरनं, ते मी कशावरून सांगू? होते तरी किती? फोनवर चाळीस म्हणाला होतात."

"अकरा."

"आणि ग्रुपवर पोतंभर."

"अकराच, बाई. शपथ." एवढं साधं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो. ते मलाच खोटं वाटलं.

बाई थोरल्याकडं वळल्या. "तुम्ही पाहिलेत का?"

पोतं त्यानं स्वतःच्या हातानं उलटं केलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग म्हशीकडं. "पोतं बघितलं," तो म्हणाला. "आत काय, दगुडच की."

बाईंनी वही काढली, एक ओळ लिहिली आणि मिटली. एसटीच्या थांब्यापर्यंत मी त्यांची झोळी घेऊन चाललो. वाटेत एकही गोष्ट सांगितली नाही. गाडी दिसल्यावर मात्र राहवलं नाही.

"वहीत काय लिवलासा, बाई?"

"गावाचं नाव आणि आजची तारीख."