पाच मिनिटांची ओळ

"ज्या ओळीवर तुला पाच मिनिटं बोलता येत न्हाई, ती ओळ खोड."

हे वाक्य नागसेन एकदा बोलला. पुढं ते होस्टेलमध्ये त्याच्याशिवायच फिरत राहिलं. रामलिंग सरांनी ते मूळ जागी ऐकलं होतं, कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभं राहून. नांदेडहून विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात सर मेकॅनिकलला शिकवत. प्लेसमेंटचं काम दुसरं कुणी घेईना म्हणून तेही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

लॅबमध्ये नागसेनसमोर अयोध्या बसली होती. ती तिसऱ्या वर्षाची, हा शेवटच्या. तिचा रेझ्युमे पडद्यावर होता. वरती गणपती, खाली उंची, मग रंग गोरा, मग मामाचं गाव अहमदपूर. घरच्या कॉम्प्युटरवर थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बायोडेटा होता. त्याच फाइलमध्ये तिनं आपली टक्केवारी घातली होती.

"अयोध्या, कंपनीला तुला सून करून न्यायचंय का?" नागसेननं विचारलं.

"हसू नका दादा. सगळ्या पोरी असंच लिहून राहिल्यात."

"म्हणून तर सगळ्या घरी बसून राहिल्यात. मामाला काढ. गणपतीबाप्पालाबी काढ, त्याला नोकरी नको. हे काय? प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ?"

"मी हाय तशी."

"असशील. हे बोल पाच मिनिटं." मग त्यानं ते वाक्य म्हटलं.

अयोध्यानं ती ओळ खोडली. नागसेननं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. हळद वाळवायचं सोलर यंत्र, चौघांचा प्रोजेक्ट.

"यात तू काय केलंस?"

"वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. सर्किट बालाजीनं बसवलं."

"बालाजीचं बालाजी सांगंल. तू?"

"मी काय... हळद मी आणली. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायची. ढग आले की वजन उतरतच नव्हतं, मग मी काप पातळ करून बघितले. एका बाजूची करपायची, म्हणून ट्रे फिरवायला लागले." ती बोलत सुटली. ट्रे कसे फिरवले, सर कसे ओरडले, घरभर कसा वास बसला होता. नागसेन घड्याळाकडं बघत होता.

"हे लिही," तो म्हणाला. "एका पानात. बाकी सगळं खोड."

रामलिंग सर दारातूनच परतले. हे आपण तासाला शिकवायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं आणि निघूनही गेलं.

पुढं सरांनीच पोरांना नागसेनकडं पाठवायला सुरुवात केली. तो काही लिहून द्यायचा नाही. विचारायचा फक्त. काय केलंस, कुणी बघितलं, मग काय झालं. पोरं वैतागायची, चहा पाजायची आणि शेवटी आपलं एक पान घेऊन जायची. त्या वर्षी बऱ्याच जणांचं काम झालं. नागसेनचं झालं नाही.

तो किल्लारीचा. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात, सारख्याच घरांच्या सारख्याच ओळीत जन्मलेला. वडील साहेबराव किल्लारी ते लातूर काळीपिवळी जीप चालवायचे. नागसेन बारावी झाला त्या उन्हाळ्यात साहेबरावांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. आई, नागुबाई, दुसऱ्याच्या रानात जायची, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. नागसेननं लायसन काढलं आणि वडिलांच्या जागेवर बसला. दोन वर्षं तो किल्लारी, लामजना, औसा, लातूर करत राहिला. क्लच प्लेट स्वतः बदलली, इंजिन गॅरेजवाल्यासोबत उघडून बसला. साहेबराव काठी टेकत चालायला लागले तेव्हा जीप विकली आणि तो इंजिनिअरिंगला आला. वर्गातल्या पोरांपेक्षा दोन वर्षांनी थोरला.

त्याच्या रेझ्युमेत ही दोन वर्षं एका ओळीत होती. प्रवासी जीप चालवली, देखभाल स्वतः केली. त्या ओळीवर तो अर्धा तास बोलला असता. पण बोलायची वेळच आली नाही. तीन कंपन्या येऊन गेल्या आणि तिन्हींत त्याचा कागद आधीच बाजूला निघाला. बारावीनंतर गॅप, ड्रायव्हर. वाचणारा तिथंच थांबत असावा.

शेवटची कंपनी पुण्याची होती, पंप बनवणारी. त्यानंतर त्या वर्षी कुणी येणार नव्हतं. रामलिंग सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"ही ओळ काढू."

"मग गॅप उघडा पडतो, सर."

"उघडा कशाला? रिपीट लिही. बारावीनंतर लातूरला दोन वर्षं मेडिकलची तयारी. आपल्याकडं कोण नाही करत? माझ्या भाच्यानं तीनदा केलं. कुणी विचारत पण नाही."

ते खरं होतं. लातूरच्या ट्यूशन एरियात दरवर्षी हजारो पोरं पुन्हा त्याच परीक्षेला बसतात. या भागात पोराची दोन वर्षं कुठं गेली असं कुणी विचारलं, तर हे उत्तर तयार असतं आणि विचारणाराही ते ऐकून मान हलवतो.

नागसेननं पडद्यावरची जीपची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"बाबाला दुसरा झटका येऊन गेला, सर. परवा."

"म्हणून तर म्हणतो."

"तुम्ही म्हणता तर टाका."

ओळ सरांनीच टाइप केली. नागसेननं कीबोर्डला हात लावला नाही. या वेळी त्याचा कागद निवडला गेला.

मुलाखत सेमिनार हॉलमध्ये झाली. घेणारे शिवकुमार म्हणून साहेब होते, चाळिशीचे. रामलिंग सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर रजिस्टर घेऊन बसले. पंपाचे, बेअरिंगचे प्रश्न झाले. नागसेननं उत्तरं नीट दिली. मग साहेबांची नजर खाली सरकली आणि चेहरा एकदम सैल झाला.

"अरे, रिपीट? लातूरला? मी उदगीरचा. मीपण दोनदा केलंय. बघा ना, डॉक्टर होणार होतो, पंप विकून राहिलोय." ते मोकळं हसले. "अजून तसंच आहे का सगळं?"

सरांनी रजिस्टरवरून मान वर केली नाही.

"तसंच हाय, सर," नागसेन म्हणाला. "रविवारी गर्दी असते. गावाकडून आईबाप डबे घेऊन येतात. झाकणावर नेलपॉलिशनं पोराचं नाव लिहिलेलं असतं, डबा बदलू नये म्हणून."

"बरोबर! माझ्यापण डब्यावर होतं."

"पोरगं जिना उतरून खाली येतं. डबा घेतं. आईच्या तोंडाकडं बघत न्हाई. बाप विचारतो, टेस्टला कसे पडले. पोरगं म्हणतं, बरे पडले."

शिवकुमार हसायचे थांबले. "मी हेच म्हणायचो," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग माणसं परत फिरतात. येताना लई बोलतात, आमचा असा हाय, आमची तशी हाय. जाताना कुणी बोलत न्हाई. रिकामे डबे मांडीवर घेऊन बसतात. औसा येईस्तोवर डब्यांचाच आवाज. मग कुणीतरी म्हणतं, वाळला जरा. बाकीचे हूं म्हणतात."

रामलिंग सरांच्या हातातलं पेन थांबलं. खोलीवर राहणाऱ्या पोराला हे दिसणं शक्य नव्हतं. हे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात दिसलेलं होतं. सरांनी शिवकुमारांकडं पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"माझे वडील असेच गेले असणार," ते म्हणाले. मग सावरून बसले. "आपला माणूस आहे हा. रामलिंग सर, लिहा नाव. मला दुसरं काही विचारायचं नाही."

सरांनी नाव लिहायला घेतलं.

नागसेननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्या खोट्या ओळीवर तो पाच मिनिटांहून जास्त बोलला होता, आणि अजून बोलता आलं असतं. त्यानं हात लांब करून टेबलावरचा आपला कागद स्वतःकडं ओढला. खिशातलं पेन काढलं. रिपीटच्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. घाई केली नाही. कागद फिरवून शिवकुमारांसमोर होता तसा ठेवला.

"हे काय?" शिवकुमार म्हणाले. ते आधी कागदाकडं आणि मग कोपऱ्यात रामलिंग सरांकडं बघायला लागले.

सरांच्या रजिस्टरमध्ये नाव अर्धं लिहून झालं होतं.

नागसेन उठला. खुर्ची मागं सरकवली, पुन्हा टेबलाला नीट लावली आणि बाहेर गेला.