सातातले दोन हिरवे

आमची काकू लोकांचे चांदीचे दागिने स्वच्छ करून देते, आणि गंमत म्हणजे चकचकीत चांदी तिला डोळ्यासमोर नको असते. "सगळंच चमकलं तर नक्षी दिसणार कशी?" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर विचारते. खाचेतला काळेपणा राहू द्यायचा, वरचा उंचवटा तेवढा उजळायचा, हे तिचं शास्त्र. खिडकीपाशी काकांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. त्यांची नजर अधू झाली तसं ते तिनं बळकावलं. आता तिथे सुती फडकी, दात कोरायच्या काड्या आणि लहान मुलांचे टूथब्रश असतात. ब्रश ती डझनानं आणते. दुकानदारीण दर वेळी नातवंडांची चौकशी करते आणि काकू "मजेत आहेत" म्हणून सांगते. घरात मूल एकही नाही.

एका सकाळी खालच्या मजल्यावरची नवी सून रुमालात काहीतरी गुंडाळून आली. सासूचं चांदीचं कडं, सात पिरोजे बसवलेलं. सासू बहिणीकडे गेली होती आणि संध्याकाळी परतणार होती.

"एक खडा हिरवट पडला होता हो. म्हटलं, आई यायच्या आत निळा करून ठेवावा."

"मग काय केलंस?"

"काल दिवसभर साबणाच्या पाण्यात भिजवलं. मग टूथपेस्टनं घासलं."

काकूनं भिंग लावलं. कडं पांढरंफटक, त्यावरची वेल दिसेनाशी झालेली, खड्यांच्या कडेला पेस्ट. हिरवा खडा होता तसाच होता, वर त्याच्या शेजारचाही हिरवा झाला होता.

"पिरोजा पाणी पितो, बाई. त्याला ओलसर फडक्यानं टिपायचं नि लगेच कोरडं करायचं. आंघोळ नाही घालायची."

"लग्नानंतर पहिल्यांदाच कपाटाची किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या," सून रडवेली झाली. "आता काही हाती द्यायच्या नाहीत."

"चांदी मी परत काळी करून देते. खड्याचं मात्र तुझं तू सांगायचं. माझ्या तोंडून खोटं निघत नाही."

"नातवंडं कशी आहेत विचार तिला," आतून काका म्हणाले.

"तुम्ही अंडी उकडायला ठेवा," काकू म्हणाली.

तिनं काडीनं पेस्ट कोरून काढली, खड्यांवर मेणाचा हात फिरवला आणि कडं उकडलेल्या बलकाबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवलं. पांढरं काकांना मिळालं. बलक डॉक्टरांनी तसाही बंद केला होता. दुपारपर्यंत कडं काळवंडलं. मग काकूनं वरवर फडकं मारलं आणि वेल पानापानानं वर आली.

संध्याकाळी सुनेनं काकूला सोबत यायला लावलं. सासू अजून चपला काढत होती, तेवढ्यात सून एका दमात सगळं बोलून गेली. सासूनं चष्मा चढवला, कडं नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"अंड्याचा वास येतोय."

"जाईल दोन दिवसांत," काकू म्हणाली.

"खराब केलास तो कुठला?"

सुनेनं बोट ठेवलं.

"आणि हा शेजारचा माझा. नवी नवरी होते, मिरवायची हौस. भांडी घासतानासुद्धा काढत नव्हते." सासूनं कडं हातात चढवलं. "इतकी वर्षं एकटाच हिरवा दिसायचा. बरं झालं, जोडी मिळाली त्याला."

सुनेनं किल्ली पुढे केली. सासूनं ती घेतली नाही.

"असू दे तुझ्याकडेच. फक्त माझ्या मोत्यांना हात लावायच्या आधी वर जाऊन विचारून ये."