गिरीराजांचा आवाज

मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत हेमावती सव्वीस वर्षं एकाच खिडकीशी बसून मुलांना सामान वापरायला देत होती. आधी व्हिडिओ कॅसेटी, मग सीड्या, आता कॅमेरे, रेकॉर्डर, प्रोजेक्टर. तीन दिवसांत वस्तू परत म्हणजे परत, हा तिचा खाक्या. मुलं तिला वचकून असत.

त्या शुक्रवारी दुसऱ्या वर्षाची स्मृती रेकॉर्डर आणि कॉलर माइक परत घेऊन आली. मराठी घरातली, तिला अक्का म्हणणारी.

"अक्का, सोमवारपर्यंत ठेवू?"

"शनिवार-रविवार वस्तू बाहेर जात नाही. ठाऊक आहे ना?"

पोरीनं पिशवी ठेवली. यंत्र नीट चालतंय का बघायला हेमावतीनं हेडफोन कानाला लावले. शिलाई मशीनची घरघर, मग एक घोगरा पुरुषी आवाज, "अगं, काय बोलू? बंद कर ते." मग खोकला. आत चार रेकॉर्डिंगं होती, चारहींत तेच.

"कोण गं हे?"

"अप्पा. मंगळवारी ऑपरेशन आहे. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढणार. आवाज इतका बसलाय की फोनवर रेकॉर्ड केलं तर नुसता रस्ताच ऐकू येतो. आणि माइक लावला की ते गप्पच होतात."

"सरी, ठीक आहे, जा तू," एवढंच हेमावती म्हणाली.

पण बसमध्ये तिला चैन पडेना. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, पण तो 'हेमा' कशी हाक मारायचा, ते कितीही आठवलं तरी कानात उमटत नव्हतं.

शनिवारी तिनं रेकॉर्डर आणि माइक स्वतःच्या नावावर नोंदवून घरी नेले. रविवारी ती ब्लाउजचं कापड घेऊन, नोंदवहीतल्या पत्त्यावर, शहरातल्याच शिवाजीनगरला स्मृतीच्या अप्पांच्या, गिरीराजांच्या, शिलाईच्या दुकानात गेली. स्मृती तिला बघून उभीच राहिली.

"मला ब्लाउज शिवायचाय," हेमावती गिरीराजांना म्हणाली, "आणि हा माइक मी तुमच्या कॉलरला लावणार आहे. चालेल?"

ते कसंनुसं हसले, पण मान डोलावली. कापड हातात आलं आणि त्यांचा संकोच गळाला. कापड आडवं का कापू नये, वडिलांनी काज करायला शिकवताना बोटावर कशी पट्टी मारली, स्मृतीच्या शाळेच्या पहिल्या गणवेशाची एक बाही आखूड झाली तेव्हा ती कशी रडली, सगळं सांगत गेले. धाप लागली की थांबत, पाणी पीत, पुन्हा बोलत. शेवटी त्यांनी स्वतःच माइक चिमटीत धरला.

"स्मृते, डिग्री पुरी कर. आणि आईवर ओरडू नकोस गं."

सोमवारी लायब्ररियननी, सुट्टीत वस्तू बाहेर का नेली, याचा लेखी खुलासा मागितला. हेमावतीनं घडलं तसं लिहून दिलं. माफी मात्र मागितली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या फायलीत मेमो लागला.

ऑपरेशन पार पडलं. गिरीराज वाचले, आवाज गेला. महिन्याभरानं ते पुन्हा मशीनवर बसू लागले. आतल्या खोलीत त्यांची बायको दुपारी कधी कधी ते रेकॉर्डिंग लावते. तेवढा वेळ ते पाय थांबवून बसून राहतात.