डायरेक्टरकाका आणि खोकला

डायरेक्टरकाकांचा समीक्षकांवर काडीचाही विश्वास नव्हता. विश्वास होता तो खोकल्यावर. "कंटाळलेला माणूस खोटं बोलेल, टाळ्याही वाजवेल, पण त्याआधी खोकेल," असं ते सांगत. आमच्या मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांचं भाषण सुरू असताना ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, भक्तिभाव. भाषण संपल्यावर म्हणाले, "मधला भाग कापा."

काका तुर्कस्तानचे. इस्तंबूलमध्ये सिनेमे काढायचे. बायको गेल्यावर मुलीने त्यांना सिंगापूरला आणलं. ती हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होती आणि सेंगकांगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. कारकीर्द विचारली तर काका मोडक्या इंग्रजीत एका दमात सांगून टाकत: काही सिनेमे चालले, काही पडले, एक डब्यात गेला, मग साबणाच्या जाहिराती केल्या. "साबण चांगला होता," एवढीच वर पुस्ती.

डब्यात गेला तो शेवटचा. त्यात एक आई परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरते. भरते, उपसते, पुन्हा भरते. संवाद नाही, संगीत नाही. पहिल्याच खेळाला त्या जागी अख्खं थिएटर खोकलं. निर्माता म्हणाला, कापा. काका म्हणाले, नाही. सिनेमा पुन्हा कधी लागलाच नाही. कुणीतरी तो एकदा न खोकता पाहावा, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्याकडे बोलून दाखवली होती. तीही लिफ्टची वाट बघताना.

म्हणून एका रविवारी मी काकांकडून सिनेमाची प्रत घेतली आणि आमच्या हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडला. ओळखीची मराठी कुटुंबं, पुण्याहून आलेली माझी आई आणि पातेलंभर पोहे. स्वतःचा सिनेमा काका कधीच बघत नसत. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये दाराला कान लावून उभे होते. माझा मुलगा सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "बाबा, धिस वन सो स्लो, लाह." मी डोळे वटारले.

बॅगेचा प्रसंग आला आणि हॉल चिडीचूप झाला. आम्ही सगळीच अशा बॅगा घेऊन चांगी विमानतळावर उतरलेली माणसं. तेवढ्यात आई टीव्हीतल्या बाईला म्हणाली, "अगं, बरणी आडवी नको ठेवूस, सांडेल ती!"

काका दार उघडून आत आले. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं.

"बरोबर आहे. सांडली होती. रीटेक घ्यावा लागला." मग हळूच विचारलं, "कोणी खोकलं?"

"नाही, काका."

ते तिथेच चपलांच्या रॅकवर बसले आणि रडू लागले. आईने पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "खा हो, गार होतील." भाषा कळली नाही, पण त्यांनी खाल्ले.

गेल्या वर्षी मुलीची बदली इस्तंबूलला झाली आणि काकाही निघाले. त्यांचा मला किती लळा लागला होता, हे विमानतळावर कळलं. चार शब्द बोलावेत म्हणून मी सुरुवात केली. तुम्ही आमच्या घरातलेच, वगैरे. तेवढ्यात भलत्या जागी खोकला आला.

काकांनी मान डोलावली. "सीन लांबला," म्हणाले, माझी पाठ थोपटली आणि आत गेले.

मी तिथेच बराच वेळ खोकत उभा होतो.