शकुताई आणि झोपलेला संगणक

शकुताई वानखेडेंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी झोपलो होतो. आणि साधासुधा झोपलो नव्हतो. रविवारची दुपार, पोटात कोलंबीचं कालवण आणि वर भाताचा डोंगर, अशी ती झोप होती. अख्खं पंतनगर हललं असतं तरी मला ती बातमी सोमवारी ऑफिसात कळली असती. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि माझी स्कूटर त्याच्या वाटेत आडवी होती. बायकोनं हाका मारल्या, वॉचमननं शिट्ट्या मारल्या, टँकरवाल्यानं असा हॉर्न दिला की विक्रोळीतली माणसं उठून परत झोपली. मी ढिम्म. शेवटी वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एक बाई आत आल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. स्कूटरची चावी कुठे ठेवली आहे, सांगता का?"

स्वतःच्या लग्नातही ज्याला धरून उभं करावं लागलं होतं तो मी ताडकन उठून म्हणालो, "फ्रिजवर, बरणीच्या मागे."

तो त्यांचा धंदाच होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शकुताईंनी वर्षानुवर्षं लोकांना पहाटे उठवायचे फोन लावले. अर्ध्या घाटकोपरच्या परीक्षा, विमानं आणि साखरपुडे त्यांच्या जिवावर वेळेत पार पडले. त्यांचा नियम एकच. समोरचा "हं" म्हणाला म्हणजे उठला नाही. "उठलो" म्हणाला म्हणजे तर मुळीच नाही. त्याला साधा प्रश्न विचारायचा आणि धड उत्तर आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पुढे मोबाईलमध्ये गजर आले आणि ते काम संपलं. मग शकुताई निवृत्त झाल्या, यजमान गेले, एकुलती एक मुलगी नीलम नोकरीसाठी कॅनडाला गेली. उठवायला घरात कुणी उरलं नाही. म्हणून अधूनमधून मला उठवायच्या.

नीलम इथे असताना लोकांच्या घरांच्या सजावटीचे आराखडे करायची. त्याचा दांडगा संगणक तिच्या खोलीत तसाच राहिला होता आणि जुने आराखडे तिला तिकडून लागायचे. तो रात्रंदिवस चालू ठेव, असं तिनं सांगितलं. शकुताईंना ते पटेना. माणसं झोपतात, मग यंत्रानं का जागायचं? त्या माझ्याकडे आल्या. सोसायटीच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला होता, तेव्हापासून इमारतीत माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती आहे.

मी समजावलं. संगणक झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवतं. केबलपाशी हिरवा दिवा लुकलुकतो, तो तोच कान. प्रत्येक कार्डाचा स्वतःचा नंबर असतो. नीलम तिकडून एक संदेश पाठवेल, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. त्यात हा नंबर ओळीनं सोळा वेळा असतो. तो ओळखला की कार्ड संगणकाला उठवतं.

"सोळा वेळा?" शकुताई म्हणाल्या. "शाळेसाठी नीलमला यापेक्षा कमी हाकांत उठवायची मी. आणि उठल्यावर हा बोलतो काय?"

काहीच नाही, उठल्याची पोच त्या संदेशाला येत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं बघितलं, जणू ही सोय मीच काढली होती.

कार्डाच्या सेटिंगमध्ये खुणा करायच्या चौकोनी जागा होत्या. 'या कार्डाला संगणक उठवू द्या', तिथे खूण केली. त्याखाली 'फक्त मॅजिक पॅकेटनंच उठवू द्या' होतं. उठायचंच आहे तर अटी कशाला, म्हणून ती जागा तज्ज्ञांनी मोकळी सोडली.

काम झकास झालं. संध्याकाळी पंखा घुमायचा, पडदा उजळायचा, कॅनडातून नीलम चालवेल तसा बाण आपोआप हलायचा. शकुताई चहा घेऊन समोर बसायच्या. पोच द्यायची जुनी सवय. एकदा त्यांनी पडद्यावर टाईप केलं, 'उठलाय. बोल.' बाण थांबला. खाली अक्षरं उमटली, 'आई, हात नको लावू ना. काम चाललंय.' शकुताईंनी मला हे सांगितलं ते कौतुकानं. बघ, लगेच उत्तर आलं.

मग नीलम जास्तच यायला लागली. शकुताई भाजी घेऊन आल्या की संगणक जागा, बँकेतून आल्या की जागा. "मी घरात पाऊल टाकायची ती वाट बघत असते रे," त्या म्हणाल्या. "पण काही हलवत नाही. येते आणि गप्प बसते. लहानपणी रुसली की अशीच बसायची."

मला शंका आली. एका दुपारी मी त्यांच्या मोबाईलचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं. आतल्या खोलीत पंखा घुमला. पुन्हा केलं, पुन्हा घुमला. फोटो बघायला म्हणून नीलमनं त्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. घरात शिरून मोबाईलला वाय-फाय लागलं की ते संगणकाला शोधायचं. कार्डाला ती हाक वाटायची. ती मोकळी सोडलेली जागा नडली होती.

सांगावं की नाही, या विचारात मी दोन कप चहा प्यायलो. मग सांगितलं. शकुताईंनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मीच मला फोन करत होते."

राहू दे ना तसंच, कुणाचं काय बिघडतंय, असं मी म्हणालो. घर जरा जागं वाटतं, हे मात्र म्हणायचं धाडस झालं नाही.

"विकी," त्या म्हणाल्या. पन्नाशीच्या टकल्या माणसाला या नावानं हाक मारणाऱ्या आता त्या एकट्याच. "एवढी वर्षं बोर्डावर बसले, खोटा कॉल एकदाही लावला नाही. कर ती खूण."

मी केली. त्यानंतर त्या भाजी घेऊन यायच्या तेव्हा घर गप्प असायचं. खरी हाक कधी शनिवारी यायची, कधी शनिवारीही नाही. ती आली की शकुताई खुर्ची ओढून बसायच्या आणि हात मांडीवर ठेवायच्या.

उन्हाळ्यात नीलमनं सगळे आराखडे तिकडे उतरवून घेतले. नंतर हाक आली नाही. दिवाळीच्या साफसफाईत शकुताईंनी संगणक विकायला काढला. ते कार्ड तेवढं वेगळं काढून ठेवता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. ते मदरबोर्डातच, संगणकाच्या मुख्य पाटीतच, जडवलेलं असतं. त्यामुळे ते संगणकाबरोबर गेलं.